एका प्रश्नावर मागितलेले मत

निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या वाड्यावस्त्यांवर काय बोलणे होते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. वाहून गेलेला साकव अजून बांधलेला नाही. विहिरी चैत्रातच तळ दाखवतात. एस.टी. खालच्या फाट्यावरूनच परत फिरते. शाळेवर दुसरा मास्तर मिळत नाही. उमेदवार दारी आला की माणसे त्याला याच गोष्टी विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

पण समजा, एखादा उमेदवार तुमच्या अंगणात येऊन म्हणाला, "साकवाचे आणि विहिरीचे मागाहून पाहू. मी एकाच प्रश्नावर उभा आहे. हिमालयापलीकडच्या शेजाऱ्याशी आपले सरकार ज्या रीतीने वागत आहे, ती रीत देशाच्या हिताची नाही. तुम्हांलाही तसे वाटत असेल तर मला मत द्या." तर तुम्ही काय कराल? त्याला वेड्यात काढाल, की पाट देऊन बसवून घ्याल?

असा प्रसंग आपल्या महाराष्ट्रात खरोखरीच घडलेला आहे. १९६२ सालच्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईच्या लोकसभा मतदारसंघात संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य जीवतराम कृपलानी उभे राहिले, ते मुख्यतः या एका प्रश्नासाठी. मतदारांमध्ये आपल्या कोकणातून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेले चाकरमानीही होते. त्या लढतीत काय झाले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे आज पाहू.

परराष्ट्र धोरण हा शब्द मोठा आहे. तो कानी पडला की वाटते, हे दिल्लीतल्या शहाण्यासुरत्यांचे काम, आपल्याला त्यात काय कळणार? पण रत्नागिरी जिल्ह्याला तरी असे म्हणता येणार नाही. आजचा सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वी आपला जिल्हा थेट गोव्याच्या हद्दीला भिडलेला होता, आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा हा पोर्तुगिजांचा मुलूख होता. म्हणजे बांदा, सातार्डा, आरोंदा या गावांना परराष्ट्र हाकेच्या अंतरावर होते. तेरेखोलच्या खाडीच्या एका काठाला आपले राज्य, दुसऱ्या काठाला लिस्बनचे. सोयरीक पलीकडे आणि कित्येकांचे कुलदैवतही पलीकडे.

१९५५ साली गोव्याचा सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींच्या तुकड्या याच हद्दीवरून आत शिरल्या. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. पनवेलचे हिरवे गुरुजी त्यात हुतात्मा झाले. तेव्हा परराष्ट्राशी संबंध कसे ठेवावे, शस्त्र उचलावे की बोलणी करावी, थांबायचे तर किती दिवस, हे प्रश्न दक्षिण रत्नागिरीत माजघरात बसून बोलले जात होते. त्यासाठी कोणाला इंग्रजी वर्तमानपत्र वाचावे लागत नव्हते.

हे प्रश्न निवडणुकीतही उतरले. देवगड तालुक्यातल्या हिंदळ्याचे नानासाहेब गोरे मे १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात गेले आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात पडले. दीड वर्षाहून अधिक काळ कैदेत काढून १९५७ च्या फेब्रुवारीत ते सुटले, आणि लगोलग पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्यामागे संयुक्त महाराष्ट्राची लाट होती हे खरे. पण मतदारांच्या मनात गोव्याचा तुरुंग मुळीच नव्हता, असे कोण म्हणेल? मतपेटीत पडलेल्या चिठ्ठीत किती भाग संयुक्त महाराष्ट्राचा आणि किती गोव्याचा, हे वेगळे काढून दाखवणे कोणालाच शक्य नव्हते. ही अडचण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

एकाच परराष्ट्रीय प्रश्नावर निवडणूक लढवण्याचे नमुने शोधायचे, तर विलायतेतही सापडतात. सप्टेंबर १९३८ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी म्यूनिक येथे हिटलरशी करार केला आणि चेकोस्लोव्हाकियाचा लचका त्याच्या ताटात वाढला. पुढच्याच महिन्यात ऑक्सफर्डला पोटनिवडणूक आली. तिथे मजूर आणि उदारमतवादी या दोन्ही पक्षांनी आपापले उमेदवार मागे घेतले आणि बेलियल कॉलेजचे प्रमुख लिंडसे यांना म्यूनिकच्या प्रश्नावर उभे केले. लिंडसे हरले, पण सरकारी पक्षाचे मताधिक्य निम्म्यावर आले. नोव्हेंबरात ब्रिजवॉटर येथे व्हर्नन बार्टलेट नावाचे पत्रकार याच प्रश्नावर उभे राहिले आणि निवडून आले. मौजेची गोष्ट अशी, की बार्टलेट हे नभोवाणीवरच्या भाषणांमुळे घरोघर ओळखीचे झालेले होते! डिसेंबरात अथॉलच्या डचेस यांनी तर आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध खासदारकी सोडली आणि त्याच जागेसाठी पुन्हा लोकांपुढे गेल्या. त्या थोडक्यात पडल्या. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्राग शहरात शिरल्या, तेव्हा म्यूनिकचा करार किती टिकाऊ होता ते सर्वांनाच दिसले.

आता मुंबईकडे वळू.

कृष्ण मेनन मूळचे केरळातले. त्यांचे आयुष्य बरेचसे लंडनमध्ये गेले. स्वातंत्र्यानंतर ते तिथे भारताचे उच्चायुक्त होते. पुढे संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताची बाजू मांडली. १९५७ च्या जानेवारीत सुरक्षा समितीपुढे काश्मीरचा प्रश्न निघाला, तेव्हा मेनन दोन दिवस मिळून सुमारे आठ तास बोलले, आणि शेवटी प्रकृती ढासळून कोसळले. ही वार्ता इकडे पोहोचली आणि मेनन एका रात्रीत घरोघर माहीत झाले. महिन्याभरातच सार्वत्रिक निवडणूक होती. काँग्रेसने त्यांना उत्तर मुंबईत उभे केले.

त्यांच्यासमोर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस होते. हे गृहस्थ गोवा सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांपैकी एक. म्हणजे बघा, एकीकडे काश्मीरची बाजू जगापुढे मांडणारा वक्ता, दुसरीकडे गोव्यासाठी झगडणारा सत्याग्रही. मतदाराने काश्मीर निवडावे की गोवा? वास्तविक दोन्ही आपलेच. त्या वर्षी महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती. आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजी आशर आणि राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. अशा लाटेतही उत्तर मुंबईने मेनन यांना विजयी केले. लवकरच ते देशाचे संरक्षणमंत्री झाले.

पुढच्या पाच वर्षांत काश्मीर मागे पडले आणि चीन पुढे आला. लडाखच्या अक्साई चीन भागातून चीनने रस्ता बांधल्याचे उघड झाले. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. ऑगस्टमध्ये पूर्वेकडे लोंगजू येथे आणि ऑक्टोबरात लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ चकमकी झाल्या. कोंगका येथे आपले पोलीस जवान मारले गेले. त्याच साली सरसेनापती जनरल थिमय्या यांचे संरक्षणमंत्र्यांशी बिनसले. त्यांनी राजीनामा दिला आणि पंडित नेहरूंच्या शब्दावरून तो परत घेतला. सैन्याची तयारी पुरेशी आहे का, बढत्या योग्य माणसांना मिळतात का, अशी शंका लोकसभेत उघड बोलली जाऊ लागली.

त्यात सर्वांत कडक बोलणारे होते आचार्य कृपलानी. गांधीजींचे जुने सहकारी आणि स्वातंत्र्य आले त्या साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेले हे वृद्ध गृहस्थ. एप्रिल १९६१ मध्ये त्यांनी लोकसभेत मेनन यांच्यावर जाहीर आरोप केले. सैन्यात गटबाजी माजवली, सैनिकांचे मनोधैर्य खच्ची केले आणि देशाची भूमी लढा न देता जाऊ दिली, असे ते आरोप होते. आणि नुसते बोलून ते थांबले नाहीत. पुढल्या निवडणुकीत ते मेनन यांच्याच मतदारसंघात जाऊन उभे राहिले. अपक्ष म्हणून, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी!

विचार करा. कृपलानींना सोपा मतदारसंघ शोधता आला असता. बिहारमधल्या सीतामढीने त्यांना मागच्या खेपेला निवडून दिले होते. पण ज्या धोरणाविषयी तक्रार आहे, ते चालवणाऱ्या मंत्र्याच्या समोरच उभे राहायचे, म्हणजे लोकांना हो की नाही ते स्पष्ट सांगता येईल, असा त्यांचा हिशेब. प्रजासमाजवादी, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला. मेनन यांच्यामागे काँग्रेस होतीच, शिवाय कम्युनिस्टही होते. आणखी एक नवल सांगतो. कृपलानींच्या पत्नी सुचेताबाई त्या वेळी काँग्रेसमध्येच होत्या आणि उत्तर प्रदेशात मंत्री होत्या. मतभेद घरापर्यंत गेले तरी घर मोडत नाही, हे त्या पिढीकडून शिकण्यासारखे आहे.

एवढ्यात डिसेंबर उजाडला. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे माणसांना किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. सैन्याचे मंत्री कोण? कृष्ण मेनन. मतदानाला जेमतेम दोन महिने उरलेले. उत्तर मुंबईतल्या कोकणी आणि गोवेकर मतदारापुढे आता दोन सीमा उभ्या राहिल्या. एक हिमालयातली, जिथे भूमी जाते आहे असे कृपलानी सांगत होते. ती त्याने कधी पाहिलेली नव्हती. दुसरी त्याच्या मामाच्या गावाजवळची, आणि ती तर नुकतीच पुसली गेली होती. कोणती सीमा त्याच्या मनात जास्त ठळक असेल?

शिवाय नेहरू स्वतः प्रचाराला उतरले. मेनन यांच्या धोरणाविरुद्धचे मत ते आपल्या धोरणाविरुद्धचे मत मानत होते. म्हणजे प्रश्न पुन्हा बदलला. "चीनविषयीची रीत बरोबर की चूक?" हा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि "नेहरू हवेत की नकोत?" हा प्रश्न पुढे आला. त्या काळी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय येणार, हे शेंबडे पोरही सांगू शकले असते.

निकाल लागला. मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते पडली. मताधिक्य सुमारे एक लाख पंचेचाळीस हजारांचे होते.

मग काय झाले? निकालानंतर आठच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने लडाखात आणि ईशान्य सीमेवर दोन्हीकडे चढाई केली. सैन्याला थंडीचे पुरते कपडे नव्हते, पुरेशी शस्त्रे नव्हती, वर पोहोचायला रस्ते नव्हते. जवान शौर्याने लढले, पण तयारीची उणीव शौर्याने किती भरून निघणार? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हा महाराष्ट्रात म्हणत.

आता कोणी घाईने म्हणेल, "म्हणजे उत्तर मुंबईचे मतदार चुकले." मला तसे वाटत नाही. त्यांनी काय पाहून मत द्यायचे होते? सैन्याच्या कोठारात किती बंदुका आहेत, हे काही वांद्र्याच्या चाळीत बसून कळत नाही. सरकारपाशी जी माहिती होती ती मतदारापाशी नव्हती. आणि कृपलानी निवडून आले असते, तरी आठ महिन्यांत हिमालयात रस्ते झाले नसते. दोष द्यायचाच, तर असा द्यावा लागेल, की वेळेवर विचारलेल्या प्रश्नाला नेमके उत्तर कोणी दिले नाही. सरकारने आपल्या लोकप्रियतेचे उत्तर दिले आणि मतदाराने आपल्या निष्ठेचे. प्रश्न तसाच मागे राहिला.

मघाशी गोऱ्यांच्या बाबतीत जी अडचण सांगितली ती हीच. मत म्हणजे काथ्याच्या सुंभासारखे असते. अनेक धागे एकत्र वळलेले असतात. जात, पक्ष, नेता, गाव, राग, कृतज्ञता, आशा, सगळे त्यात असते. एका उमेदवाराने "माझा हा एकच धागा बघा" म्हटले, तरी मतदाराच्या हाती सुंभ अख्खेच असते.

मग अशा उमेदवारीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो कृपलानींच्याच पुढच्या वाटचालीत दिसतो. मे १९६३ मध्ये ते उत्तर प्रदेशातल्या अमरोहा येथून पोटनिवडणुकीत निवडून आले. त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरूंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला तो पहिला अविश्वास ठराव. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. ठराव पडला, पण चार दिवस देशाच्या संरक्षणाची आणि परराष्ट्र धोरणाची चर्चा उघड्यावर झाली. पंतप्रधानांना उठून उत्तर द्यावे लागले. उत्तर मुंबईत जे उत्तर मिळाले नव्हते, ते लोकसभेत मागून घेता आले. निवडणुकीत प्रश्न हरला म्हणून तो सोडून द्यायचा नसतो, ही त्यातली शिकवण.

मेनन यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९६७ साली काँग्रेसने त्यांना तिकीट दिले नाही, म्हणून ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने स. गो. बर्वे यांना उभे केले. पुण्यात पानशेतच्या पुरानंतर ज्यांनी उभारणीचे काम पाहिले, तेच हे बर्वे. या वेळी प्रचारात काश्मीर नव्हते आणि चीनही मागे पडला होता. "हा बाहेरचा माणूस" हा आक्षेप जोरात होता. नुकतीच स्थापन झालेली शिवसेना त्यात पुढे होती. बर्वे जिंकले, पण थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले. म्हणजे मुंबईच्या उपनगरांनी एकाच माणसाला काश्मीरसाठी उचलले, गोव्याच्या आनंदात पुन्हा निवडले, आणि शेवटी परका म्हणून खाली ठेवले. चीनच्या प्रश्नाचा निवाडा मतपेटीत झालाच नाही!

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. १९६२ च्या त्याच निवडणुकीत रत्नागिरीची जागा काँग्रेसच्या शारदाबाई मुखर्जींनी घेतली. पण राजापूर मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पैंनाच पुन्हा निवडून दिले, आणि १९६७ ला तिसऱ्यांदा. नाथ पै वेंगुर्ल्याचे. लंडनला शिकलेले, जगातल्या समाजवादी तरुणांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवलेले. परराष्ट्र धोरणावर ते बोलायला उठले की लोकसभा कान देऊन ऐके. पण राजापुरात त्यांनी असे म्हटले नाही, की मला केवळ जगाच्या प्रश्नांसाठी मत द्या. कोकणची गरिबी, वाहतुकीची अडचण, शिक्षणाची हेळसांड हे सगळे ते लोकांपुढे मांडत आणि दिल्लीत नेत. लोकांनी त्यांच्यावर भरवसा टाकला आणि त्या भरवशावर ते जगाविषयी बोलले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावला त्यांचे निधन झाले, तेव्हा अवघे कोकण हळहळले.

कृपलानींनी आधी प्रश्न ठेवला आणि त्यावर मत मागितले. नाथ पैंनी आधी विश्वास मिळवला आणि मग प्रश्न मांडला. या दोन रीतींपैकी एकच खरी, असे मी म्हणणार नाही. प्रश्न तातडीचा असेल आणि सरकार ऐकत नसेल, तर कोणीतरी कृपलानींसारखे उभे राहावेच लागते. हार पदरात घेऊन धोक्याची घंटा वाजवणारी माणसेही लोकशाहीला हवीत. पण रोजचा कारभार मात्र दुसऱ्या रीतीने चालतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला ही उत्तर मुंबईची लढत मुलांपुढे मांडा. निकाल आधी सांगू नका. मुलांना फेब्रुवारी १९६२ मध्ये उभे करा. गोवा मिळालेला आहे, चीनची चढाई अजून व्हायची आहे. मग विचारा, तुम्ही कोणाला मत दिले असते आणि का? पुष्कळ मुले मेनन म्हणतील आणि कारणेही चांगली देतील. नंतर ऑक्टोबर सांगा. पुढारी थोर आहे एवढ्यावरून त्याचे धोरण बरोबर ठरत नाही, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा अशाने मुलांना लवकर कळेल.

आणि श्रोतेहो, तुमच्याआमच्यापुरते एवढेच. उद्या कोणी एकच मोठा प्रश्न घेऊन दारी आला, तर त्याला हसू नका. बसवून घ्या आणि विचारा, "बाबा रे, हा प्रश्न तुला कशावरून दिसला? यावर तू काय करणार? आणि बाकीच्या गोष्टींचे काय?" पण हेच तीन प्रश्न जो त्याला विरोध करतो त्यालाही विचारा. तो जर उत्तराच्या जागी नुसते एखाद्या थोर माणसाचे नाव घेऊ लागला, किंवा नुकत्या मिळालेल्या विजयाचे ढोल वाजवू लागला, तर समजा की तुमच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. मत कोणालाही द्या. उत्तर मात्र मागत राहा, मतदानाच्या आधीही आणि नंतरही.